ऑप-अँपला ग्राउंड कळत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात तुमच्या विज्ञान पुरवणीत ७४१ नावाचा ऑप-अँप (बारीक सिग्नल मोठा करणारी चिप) वापरून माइकचा प्रीअँप, म्हणजे माइकचा सिग्नल मोठ्या अँपला देण्याआधी वाढवणारं सर्किट, कसा बनवायचा असा एक लेख आला होता, आणि पुढच्याच आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी त्याच्यावर लिहिलं की हे सर्किट चालूच शकत नाही कारण ऑप-अँपला ±१५ व्होल्टचा ड्युअल सप्लाय (शून्याच्या वर एक आणि खाली एक असा दुहेरी) लागतो म्हणजे लागतोच. मी दोन्ही वाचलं. लेख चुकलाय हे खरंय, पण पत्र पण चुकलंय, फक्त ते दुसऱ्या बाजूने चुकलंय, आणि दोन्ही वाचून कोणी पोरगं सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलं असेल तर त्याचा पार गोंधळ उडाला असणार. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण कापायचंच असेल तर शेवटच्या चार ओळी तेवढ्या कापू नका.

आधी लेखाचं बघू. त्या चित्रात एक ९ व्होल्टची बॅटरी आहे, प्लस गेलाय पिन ७ ला, मायनस गेलाय पिन ४ ला, आणि त्या मायनसलाच ग्राउंडचं चिन्ह काढून माइकची एक वायर, पिन ३ चा १०० के (किलोओहम) चा रेझिस्टर, गेनचा (सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारा) १ के चा रेझिस्टर सगळं तिथेच नेऊन जोडलंय. म्हणजे माइकचा सिग्नल शून्याच्या वरखाली हलणार, आणि शून्य म्हणजे नेमकी चिपची खालची रेल, म्हणजे सप्लायची मायनसची बाजू (प्लसची ती वरची रेल). आता ७४१ चं असं आहे की त्याचं इनपुट खालच्या रेलपासून दोनतीन व्होल्ट वर आणि वरच्या रेलपासूनही दोनतीन व्होल्ट खाली असलं तरच आतले ट्रान्झिस्टर नीट काम करतात. लेखातल्या सर्किटात इनपुट थेट फरशीवर लोळतंय. आउटपुटला काय मिळणार? बहुतेक वेळा काहीच नाही, ते कुठल्यातरी एका टोकाला जाऊन चिकटून बसतं आणि माणूस म्हणतो आयसी खराब निघाला. तीन आयसी बदलून बघतो. ते तिन्ही चांगले असतात हो!

आता पत्रलेखक गृहस्थ. ते म्हणतात ड्युअल सप्लाय दिला की चालेल. चालेल, बरोबर आहे. पण ‘लागतोच’ हे कुठून आणलं? ऑप-अँपचे आठ पाय मोजून बघा, ७४१ मध्ये २ आणि ३ इनपुट, ६ आउटपुट, ७ प्लस, ४ मायनस, १ आणि ५ ऑफसेट (इनपुट शून्य असतानाही चिपची स्वतःची असते ती बारीक चूक) अ‍ॅडजस्ट करायला, ८ रिकामा. ग्राउंड नावाचा पायच नाहीये. चिपला कळतं ते एवढंच की पिन ७ आणि पिन ४ मध्ये किती व्होल्ट आहेत. तुम्ही +१५ आणि -१५ द्या, +३० आणि ० द्या, नाहीतर +२० आणि -१० द्या, चिपला तिन्ही सारखेच, तिला ३० व्होल्टच दिसतात. शून्य कुठे धरायचा ते आपण ठरवतो, मल्टिमीटरची काळी वायर जिथे लावू तो शून्य. त्यामुळे प्रश्न ड्युअल की सिंगल असा नसतोच मुळी, प्रश्न असतो की माझा सिग्नल या दोन रेलच्या मध्ये नेमका कुठे बसतो आणि वरखाली हलायला त्याला जागा आहे का. एक खोली आहे असं समजा, छत आणि फरशी, आणि सिग्नलला त्यात उड्या मारायच्यात. ड्युअल सप्लाय म्हणजे फक्त खोलीच्या मधोमध आयती उभं राहायची जागा मिळते, आणि तिला आपण शून्य म्हणतो, बास.

मग एका बॅटरीवर करायचं असेल तर मधली जागा आपण बनवायची. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १० के चे दोन सारखे रेझिस्टर एकापुढे एक, मधल्या जोडावर साडेचार व्होल्ट आले, तिथून मायनसला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकायचा (हा विसरू नका, नाहीतर सप्लायवरची सगळी खरखर अर्धी होऊन सरळ इनपुटला येते), आणि त्या जोडावरून १०० के च्या रेझिस्टरने पिन ३ ला बायस (उभं राहायला ठरावीक डीसी व्होल्टेज) द्यायचा. माइकचा सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून पिन ३ ला, म्हणजे माइकचं डीसी बाहेरच राहिलं आणि फक्त आवाज आत आला. ०.१ मायक्रो आणि १०० के चा कटऑफ (ज्याच्या खालचे आवाज गळतात तो आकडा) १६ हर्ट्झच्या आसपास येतो, बोलण्यासाठी काय गाण्यासाठी काय, पुरून उरतो.

इथपर्यंत बरेच जण बरोबर करतात आणि पुढे फसतात, मी पण फसलोय. तो गेनचा १ के चा रेझिस्टर थेट मायनसला ठेवला तर काय होतं बघा, आउटपुटपासून पिन २ ला आलेला १०० के आणि हा १ के म्हणजे गेन १०१, आणि हा गेन फक्त माइकच्या आवाजाला नाही, बायसच्या साडेचार व्होल्टला पण लागतो. साडेचार गुणिले १०१, म्हणजे जवळपास साडेचारशे व्होल्ट. ते काय ९ व्होल्टच्या बॅटरीतून येणार नाहीत, आउटपुट वरच्या टोकाला जाऊन चिकटतं आणि पुन्हा आयसीच्या नावाने बोंब. उपाय एका कपॅसिटरचा आहे, १ के च्या सिरीजमध्ये १० मायक्रोफॅरड टाकायचा, की डीसीला गेन १ राहतो आणि आवाजाला १०१. लेखात हा एक कपॅसिटर आणि ते दोन बायसचे रेझिस्टर असते तर माझं हे पत्र निम्मं झालं असतं. आउटपुटला पण कपॅसिटर लागेल, कारण तिथेही साडेचार व्होल्ट बसलेले असतात आणि ते पुढच्या अँपला जाता कामा नयेत.

म्हणजे माइक, गिटार, मोबाइलचा ऑडिओ वगैरे जिथे डीसीचं काही काम नाही तिथे सिंगल सप्लाय आणि मधला व्होल्टेज मस्त चालतो. ±१५ ची गरज नाही. मग ड्युअल लागतो कधी? जेव्हा सिग्नल खरोखरच शून्याच्या खाली जातो आणि त्याचं डीसी फेकून देऊन चालत नाही तेव्हा. थर्मोकपल, म्हणजे तापमानाप्रमाणे बारीक व्होल्टेज देणारी तारांची जोडी, घ्या. के टाइपचा थर्मोकपल एका डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो, आणि गरम टोक हे थंड टोकापेक्षा थंड झालं की तोच व्होल्टेज उलटा, मायनस होतो. इथे कपॅसिटर टाकला तर मोजायचं तेच अडलं. आता खाली मायनस रेल हवी, किंवा मग सगळं वर उचलून धरायचं आणि ते किती उचललं ते नंतर वजा करायचं, ते पण करता येतं पण कटकट आहे. फंक्शन जनरेटर, इंटिग्रेटर, ±१० व्होल्टचे कंट्रोल सिग्नल, बरेच कपॅसिटर टाळायचे असलेले ऑडिओ मिक्सर, इथे ड्युअल सरळ पडतो.

±१५ हा आकडा तरी कुठून आला, तर ट्यूबच्या जमान्यातले ऑप-अँप ±३०० व्होल्टवर चालायचे, मग ट्रान्झिस्टर आले तसा सप्लाय खाली आला, सिग्नल ±१० व्होल्टचा आणि वर थोडी जागा म्हणून ±१५ हे चलन पडलं, १९६८ ला फेअरचाइल्डचा ७४१ आला तोही त्यातच बसणारा. त्यामुळे पुस्तकांत सगळीकडे ±१५ दिसतं आणि लोकांना ते नियमासारखं वाटतं. आजच्या कित्येक चिपा त्या व्होल्टेजला धूर काढतील. एमसीपी६००२ या ऑप-अँपचं कमाल ६ व्होल्टचं आहे, म्हणजे त्याला ड्युअल द्यायचाच तर ±३ च्या वर नाही. पत्रलेखकांचं वाक्य शब्दशः पाळून कोणी त्याला ±१५ दिले तर संपलाच तो.

आता सप्लाय बनवायचं, कारण त्यावर दोघांनीही एक अक्षर लिहिलं नाही आणि खरी मजा तिथेच आहे. सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी खरखरीचं म्हणजे ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकीचा मायनस दुसरीच्या प्लसला, तो जोड म्हणजे ग्राउंड, झालं ±९. पण स्विच दोन पोलचा घ्या. एकाच पोलचा स्विच प्लसच्या वायरीत टाकला तर बंद केल्यावरही खालची बॅटरी जोडलेलीच राहते, आउटपुट मायनसकडे ओढलं जातं, पुढे हेडफोन असेल तर त्याच्यात डीसी जातं, आणि सकाळी ती बॅटरी मेलेली असते.

मेन्सवरून करायचं तर सेंटर टॅपचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), दोन मोठे कपॅसिटर, ७८१५ आणि ७९१५ (+१५ आणि -१५ स्थिर ठेवणारे रेग्युलेटर). इथे लोक १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर आणतात आणि १५ मागतात. १२ चा पीक १७ च्या जवळ, त्यातून डायोडचे ०.७ गेले, १६ राहिले, आणि ७८१५ ला स्वतःला वर दोन व्होल्ट लागतात, शिवाय रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली मेन्सची लाट. नाही जमणार, १०० हर्ट्झची भुणभुण आउटपुटला येणार. १५-०-१५ घ्या, पीक २१, डायोड वजा जाता २० च्या वर, आता आरामात जमतं. ५० हर्ट्झच्या मेन्सवर १००० मायक्रोफॅरडला १०० मिलिअँपिअरचा लोड लावला तर रिपल साधारण १ व्होल्ट पडतो, चारदोन ऑप-अँप एवढं कुठे खातात, त्यामुळे १००० पुरे.

आणि ७९१५ चे पाय. कृपा करून डेटाशीट उघडून बघा. ७८१५ ला इनपुट, ग्राउंड, आउटपुट असा क्रम आहे, ७९१५ ला ग्राउंड, इनपुट, आउटपुट. जुळे भाऊ वाटतात म्हणून सारखे जोडायला जाऊ नका. त्याहून वाईट गोष्ट पाठीच्या पत्र्याची, ७८१५ चा पत्रा ग्राउंडला असतो आणि ७९१५ चा पत्रा इनपुटला, म्हणजे आपल्या इथे -२० व्होल्टला. मी पहिल्यांदा बनवला तेव्हा दोघांना एकाच हीटसिंकवर शेजारी शेजारी घट्ट आवळलं, मध्ये मायकाचा इन्सुलेटर नाही का काही नाही, वर कौतुकाने थर्मल पेस्ट पण फासली, आणि स्विच टाकल्यावर फट्ट. मायनसचा मोठा कपॅसिटर सरळ शॉर्ट झाला होता. ब्रिज गेला, फ्यूज होता म्हणून ट्रान्सफॉर्मर वाचला. दोन्ही आउटपुटवर ग्राउंडकडे एकएक १एन४००१ डायोड उलटा टाकायचा हेही नंतर कळलं, कारण एक रेल आधी चढली आणि दुसरी मागे राहिली की लोडमधून ती उलट्या बाजूला ओढली जाते आणि रेग्युलेटर अडकून बसतो.

दोन डीसी अ‍ॅडॉप्टर सिरीजमध्ये जोडून ड्युअल करणारे पण खूप आहेत, आणि ते चालतं, पण दोन्हींचं आउटपुट अर्थपासून तुटलेलं असेल तरच. काही तीन पिनच्या अ‍ॅडॉप्टरांचा मायनस आतून अर्थला असतो. तसे दोन जोडले तर खालचा अ‍ॅडॉप्टर अर्थमधून शॉर्ट होतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून अर्थची पिन आणि मायनस आधी तपासा. आणि अ‍ॅडॉप्टर चांगले असले तरी ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप मायनस रेलला लावू नका, ती क्लिप अर्थला असते, आणि तुमचा शून्य यूएसबीतून कॉम्प्युटरच्या अर्थला गेलेला असला तर पुन्हा फट्ट.

फक्त ५ व्होल्ट आहेत आणि थोडासा मायनस हवाय, तर आयसीएल७६६० (प्लसचा मायनस करून देणारी चिप) आणि १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, -५ मिळतात. पण ते कागदावरचे -५. त्याच्या आउटपुटला पन्नासेक ओहम आहेतच, १० मिलिअँपिअर ओढले की अर्धा व्होल्ट गेला, आणि त्याचं स्विचिंग १० किलोहर्ट्झला चालतं, म्हणजे बरोब्बर कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात. माइक प्रीअँपला तो वापरलात तर शिट्टी ऐकत बसाल.

सप्लाय कुठलाही असो, प्रत्येक रेलवरून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, चिपच्या पायाला चिकटून, बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला नाही. ब्रेडबोर्डवर लांब वायरींनी सप्लाय आणला की फास्ट चिपा आपल्याआपण ऑसिलेट होतात (स्वतःच थरथरत राहतात) आणि मीटरवर मात्र सगळं ठीक दिसतं.

चिप कुठली घ्यायची, याच्यावर खरं तर वेगळं पत्र होईल. पण लेखात ७४१ का घेतला ते मला कळलंच नाही. त्याचा गेन-बँडविड्थ (गेन गुणिले तो जिथपर्यंत टिकतो ती फ्रीक्वेन्सी) १ मेगाहर्ट्झ, १०१ गेन घेतला की बँडविड्थ उरली १० किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजातली वरची सगळी चमक गेली. स्लू रेट, म्हणजे आउटपुट किती वेगाने बदलू शकतं तो आकडा, ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, ±१० व्होल्टची पूर्ण साइन वेव्ह ८ किलोहर्ट्झच्या पुढे त्रिकोणी व्हायला लागते. २० किलोहर्ट्झला तेवढाच सिग्नल हवा तर सव्वा व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद तरी पाहिजे. एनई५५३२ चा स्लू रेट ९ आहे, गेन-बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ, स्वतःची खरखर एकदम कमी, आणि ±३ पासून ±२० पर्यंत कशावरही चालतो. माइकला डोळे मिटून तो घ्यावा, फक्त करंट खातो, ८ मिलिअँपिअर, त्यामुळे बॅटरीवर फार दिवस नाही.

टीएल०७२ चा इनपुट जेफेटचा (एका जातीच्या ट्रान्झिस्टरचा), इनपुट करंट जवळजवळ नाहीच, गिटारच्या पिकअपसारख्या हाय इम्पिडन्सला (जिथून फार करंट ओढता येत नाही) छान. पण त्याची एक खोड आहे, जुन्या टीएल०७२ चं इनपुट मायनस रेलच्या फार जवळ गेलं की आउटपुट चक्क उलटा पलटी मारून प्लसला जातं. खाली जायच्या ऐवजी वर! कंट्रोल लूपमध्ये हे झालं तर लूप तिथेच अडकतो, हीटर बंद व्हायच्या ऐवजी फुल चालू राहतो. ±१५ वर सहसा जाणवत नाही, ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर जाणवतं.

एलएम३५८ हा सिंगल सप्लायचा जुना दोस्त, त्याचं इनपुट खालच्या रेलपर्यंत जातं, आणि लेखकाच्या मूळ चित्रात ७४१ च्या जागी हा असता तर निदान सिग्नलचा वरचा अर्धा भाग तरी बाहेर आला असता. पण वरच्या बाजूला तो दीड व्होल्ट सोडतो, ५ व्होल्टवर साडेतीनच्या वर जात नाही, आणि मग मायक्रोकंट्रोलरवाले विचारतात एडीसीचं (व्होल्टेजचा आकडा करून देणाऱ्या भागाचं) रीडिंग पूर्ण का येत नाही. तिथे एमसीपी६००२ सारखा रेल-टु-रेल, म्हणजे दोन्ही रेलपर्यंत जाणारा, घ्यावा. उलट ±१५ वरच्या ऑप-अँपचं आउटपुट ३.३ व्होल्टच्या एडीसी पिनला सरळ लावू नका, सुरुवातीला चिप एकदा जरी रेलला आपटली तरी कंट्रोलरची पिन गेली, मध्ये रेझिस्टर आणि जादा व्होल्टेज अडवणारे क्लँप डायोड पाहिजेतच.

थर्मोकपलला मात्र वरचे सगळे बाजूला ठेवा, तिथे ऑफसेट बघायचा. साध्या ७४१ चा ऑफसेट ६ मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो, एका डिग्रीला ४१ मायक्रोव्होल्ट धरले तर ही जवळजवळ दीडशे डिग्रीची चूक झाली, उकळतं पाणी आणि बर्फ त्यात सहज मावतात. ओपी०७ च्या चांगल्या ग्रेडचा ७५ मायक्रोव्होल्टच्या आत असतो, म्हणजे दोन डिग्रीही नाही. पण हा आपला ड्युअल सप्लायवाला, फरशीपर्यंत जात नाही, त्याला मायनस रेल द्यावीच लागते. पत्रलेखक इथे बरोबर ठरले असते.

आणि पिन नंबरची एक गंमत, डबल ऑप-अँपला, म्हणजे ३५८, ०७२, ५५३२ यांना पिन ८ प्लस आणि ४ मायनस असतो, पण चार ऑप-अँपच्या चिपेला, एलएम३२४ किंवा टीएल०७४, पिन ४ प्लस आहे आणि ११ मायनस. चार म्हणजे मायनस असं पाठ करून ठेवलेल्या माणसाने ३२४ लावला की आयसीला बोट लावून बघायचीही गरज पडत नाही, वासच येतो.

तर साहेब, दुरुस्ती छापणार असाल तर एवढं छापा: चित्रात पिन ४ जवळ ग्राउंडचं जे चिन्ह आहे ते खोडून तिथे ‘बॅटरी मायनस’ लिहा, पिन ३ चा १०० के खालून काढून दोन १० के च्या मधल्या जोडावर न्या, तिथून मायनसला १०० मायक्रोफॅरड, माइकच्या वाटेत ०.१ मायक्रोफॅरड, १ के च्या सिरीजमध्ये १० मायक्रोफॅरड, आउटपुटलाही १०, प्रत्येक इलेक्ट्रोलिटिकचं प्लसचं टोक साडेचार व्होल्टच्या बाजूला, आणि ७४१ च्या जागी ५५३२ बसवायचा असेल तर पिन नंबर सगळे बदलतील, तेवढं चित्र नव्याने काढून घ्या.

कळावे,
आपला एक जुना वाचक